रिलेतली चौथी जागा

शंभर मीटर फ्रीस्टाइलला जिल्ह्यात चौथ्या-पाचव्या नंबरावर येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. पहिल्या तिघांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. चौथ्याला कोणीतरी पाठीवर थाप मारून ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतं, आणि दहावीचं वर्ष आलं की तो टँकवर यायचा बंद होतो. मुंबईत हे मी वर्षानुवर्षं बघतेय आणि दर वेळी जीव तुटतो. कारण चौथ्या नंबरच्या पोहणाऱ्यासाठी या खेळात हक्काची जागा आहे, ती म्हणजे रिले, चौघांनी एकापाठोपाठ पोहायची सांघिक शर्यत. पण रिलेची वेगळी तयारी फार थोडे जण करतात. चार वेगवान पोरं गोळा केली की रिले झाली, असंच सगळे धरून चालतात.

मी राज्याच्या संघात ४ × १०० मीटर फ्रीस्टाइल रिलेत तिसरी पोहायचे. वैयक्तिक शर्यतीत राष्ट्रीय पदक मला मिळालं नाही, रिलेत मिळालं. त्याच्या आधारावर रेल्वेत क्रीडा कोट्यातून नोकरी लागली. आता संध्याकाळी दादरला मुलांना शिकवते. खाली लिहिलेलं सगळं मी त्यांच्याकडून रोज करून घेते.

आधी हिशेब समजून घ्या

ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर फ्रीस्टाइलला एका देशाचे जास्तीत जास्त दोघेच उतरू शकतात. रिलेला चौघे लागतात. हीटला (प्राथमिक फेरीला) एक चौकडी आणि फायनलला दुसरी, असंही करता येतं, आणि फायनलला पदक मिळालं तर हीट पोहलेल्यांनाही ते मिळतं. म्हणजे देशात पाचवा-सहावा असलेला माणूसही पदकापर्यंत पोचतो. जिल्हा, विद्यापीठ, राज्य अशा सगळ्या पातळ्यांवर चित्र थोड्याफार फरकानं असंच असतं.

अमेरिकेच्या जेसन लेझॅकचं नाव लक्षात ठेवा. तो चार ऑलिंपिक खेळला आणि चारही वेळा त्याला याच रिलेत पदक मिळालं: २००० साली सिडनीत रौप्य, २००४ ला अथेन्समध्ये ब्रॉंझ, २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण आणि २०१२ ला लंडनमध्ये हीट पोहून पुन्हा रौप्य. बीजिंगच्या फायनलमध्ये शेवटचे शंभर मीटर उरले तेव्हा फ्रान्सचा अलाँ बर्नार त्याच्या ०.५९ सेकंद पुढे होता. लेझॅकनं आपले शंभर मीटर ४६.०६ सेकंदांत काढले. अमेरिका ३:०८.२४, फ्रान्स ३:०८.३२. तेव्हा लेझॅक ३२ वर्षांचा होता. त्याच ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक शंभर मीटरला त्याची वेळ ४७.६७ आली आणि ब्रॉंझ पदक त्याला दुसऱ्या एकाबरोबर वाटून घ्यावं लागलं. तोच माणूस, तोच तलाव, आणि रिलेत दीड सेकंदाहून जास्त फरक. यातला काही भाग जिद्दीचा, काही भाग शेजारच्या लेनमध्ये दोरीला चिकटून पोहणाऱ्या बर्नारच्या लाटेचा, आणि मोठा भाग टेकओव्हरचा, म्हणजे साथीदार भिंतीला लागताच पुढच्यानं सुटण्याचा. त्यावर पुढे सविस्तर येतेच.

आपल्याकडचंही बघा. १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. शंभर मीटर फ्रीस्टाइलला सचिन नाग यांचं सुवर्णपदक सगळ्यांना आठवतं, पण त्याच खेळांत भारताच्या ४ × १०० फ्रीस्टाइल रिले संघानं ब्रॉंझ मिळवलं होतं, हे पोहणाऱ्या मुलांनाही ठाऊक नसतं. आणि स्प्रिंटमध्ये वय लवकर संपतं असं ज्या पालकांना वाटतं त्यांनी कोल्हापूरच्या वीरधवल खाडेकडे बघावं. २००८ च्या ऑलिंपिकला तो सोळा वर्षांचा होता, २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई खेळांत पन्नास मीटर बटरफ्लायला ब्रॉंझ, आणि पुढे तहसीलदाराची नोकरी सांभाळून २०२३ साली गोव्याच्या राष्ट्रीय खेळांतही पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. दहावीला पोहणं सोडणाऱ्या मुलापुढे अजून पंधरा-सोळा वर्षं असतात.

टेकओव्हर : इथंच जागा मिळते

रिलेत पहिला पोहणारा बंदुकीच्या आवाजावर सुटतो. आवाज ऐकून पाय ब्लॉकवरून (उडी मारायच्या चौथऱ्यावरून) निघेपर्यंत चांगल्या पोहणाऱ्यालाही ०.६ ते ०.७ सेकंद जातात. उरलेल्या तिघांना आवाजाची वाट बघायची नसते. समोरून आपला साथीदार येताना दिसतो, त्यामुळे अंग आधीच हलवता येतं. नियम एवढाच, की त्याचा हात भिंतीला लागण्याआधी पाय ब्लॉकवरून सुटता कामा नये. चांगला संघ हे अंतर ०.१ ते ०.२ सेकंदांवर आणतो. सराव न केलेला संघ घाबरून थांबतो आणि ०.६-०.७ वरच राहतो. तीन टेकओव्हर मिळून दीड सेकंदाचा फरक पडतो. शंभर मीटरची वेळ दीड सेकंदानं उतरवायला पंधरा वर्षांच्या मुलीला अख्खा सीझन घाम गाळावा लागतो. हा दीड सेकंद महिन्याभरात मिळतो. म्हणूनच निवड करणाऱ्या सरांना ‘हिचा टेकओव्हर पक्का आहे’ असं वाटलं, तर तिसऱ्या-चौथ्या नंबरातला थोडासा फरक तुमच्या बाजूनं झुकतो.

आता प्रत्यक्ष कसं करायचं.

ब्लॉकवर चढा. सुरुवातीला दोन्ही पायांची बोटं कडेवर घट्ट दुमडा. मागे तिरकी पट्टी असलेल्या ब्लॉकवर एक पाय मागे ठेवून पाऊल टाकत सुटणारेही असतात, पण ते नंतर. आधी दोन्ही पाय पुढे आणि हातांचा झोका, हे बसू द्या. गुडघे किंचित वाकलेले, वजन चवड्यांवर. दोन्ही हात समोर लांब करून बोटांची टोकं येणाऱ्या साथीदाराच्या डोक्यावर रोखा. ती जशी जवळ येईल तशी बोटं खाली येत जातात. नजर बोटांवरून तिच्या डोक्यावर आणि तिथून तिच्या हातावर. शेजारच्या लेनमध्ये काय चाललंय ते या तीन सेकंदांत बघायचं नाही.

तलावात दोन खुणा आपल्या कामाच्या आहेत. एक, बॅकस्ट्रोकसाठी तलावावर आडव्या टांगलेल्या पताका, भिंतीपासून पाच मीटरवर. दुसरी, तळावरच्या काळ्या रेघेच्या टोकाचा ‘टी’, भिंतीपासून दोन मीटरवर. शाळकरी स्प्रिंटर शेवटी सेकंदाला साधारण १.७ मीटर जाते. हातांचा पूर्ण झोका, म्हणजे समोरून खाली, मागे, वरून फिरून पुन्हा पुढे, आणि त्याबरोबर पायांचा रेटा, याला पाऊण सेकंद लागतो. पाऊण सेकंदात ती येणार सव्वा मीटरच्या आसपास. तिचं डोकं ‘टी’च्या वर असताना पुढे ताणलेल्या हाताची बोटं भिंतीपासून साधारण तेवढ्याच अंतरावर असतात. तेव्हा नियम सोपा झाला: पताकांखाली डोकं आलं की श्वास घेऊन सज्ज, ‘टी’वर डोकं आलं की झोका सुरू. तिची बोटं भिंतीला लागतात त्या क्षणी तुमचं अंग पुढे झुकून पाण्यावर आलेलं असतं, हात पुढे फेकलेले असतात आणि फक्त पायाची बोटं ब्लॉकवर असतात.

त्या बोटांवर सगळा खेळ आहे. बाजूला उकिडवं बसून एकदा नीट बघा. गुडघे सरळ होत जातात, टाच कधीच सुटलेली असते, मग चवडा उचलला जातो, आणि शेवटी अंगठा ब्लॉकच्या कडेला दाबून निसटतो. टाच सुटण्यापासून अंगठा निसटेपर्यंतचा वेळ म्हणजे तुमची कमाई. मुलं घाबरतात ती पूर्ण अंग सुटेल या भीतीनं, आणि मग झोकाच उशिरा सुरू करतात. त्यांना मी सांगते, अंग आधी जाऊ दे, अंगठा शेवटी.

तपासायला मोबाईल पुरेसा आहे. भिंतीच्या रेषेत कडेला मोबाईल ठेवा, स्लो मोशनवर, सेकंदाला २४० चित्रं. हाताचा स्पर्श कुठल्या चित्रात आणि अंगठा सुटला कुठल्या चित्रात ते मोजा. अठ्ठेचाळीस चित्रांचं अंतर म्हणजे ०.२ सेकंद. इलेक्ट्रॉनिक पॅड असलेल्या मोठ्या स्पर्धांत यंत्राच्या नोंदीसाठी ०.०३ सेकंदांची सूट असते, तिच्या भरवशावर अजिबात राहू नका. मुंबईतल्या बऱ्याच स्पर्धांत टेकओव्हर बघायला पंच वर उभे असतात, ते डोळ्यांनी बघतात, आणि डोळ्याला लवकर वाटलं की अख्खा संघ बाद. शालेय मुलांनी ०.२ ते ०.३ धरून चालावं. ०.१ चा हट्ट राष्ट्रीय पातळीवर करा.

आत येणाऱ्याचं काम

टेकओव्हर चुकला की सगळे ब्लॉकवरच्या मुलीकडे बघतात. निम्म्या वेळा दोष पाण्यातल्या मुलीचा असतो. तिनं शेवटचा श्वास पताकांच्या आधी घ्यायचा. पताकांपासून डोकं खाली, किक पूर्ण जोरात, आणि हातांची लय अजिबात बदलायची नाही. वरची मुलगी तिच्या लयीवरच आपला झोका बांधत असते. शेवटी हात आखडला किंवा दोन हात एकत्र करून सरकत भिंतीला आली, तर वरचीचा हिशेब कोलमडतो: सरकत येणं लांबलं की वरची लवकर सुटते, हात आखूड पडला की ती अडकून बसते. माझ्याकडच्या मुली पताकांपासून चार हात मारून भिंतीला येतात. प्रत्येकीनं आपला आकडा काढून ठेवावा, थकलेली असताना आणि ताजी असताना असा दोन्ही वेळचा, कारण शंभर मीटर संपताना पाय जड होतात आणि चाराचे पाच होतात. ब्लॉकवरच्या मुलीला हा आकडा पाठ हवा. भिंतीला हात लावतानाही खांद्यापासून ताणून, बोटांच्या टोकांनी, पाण्याच्या किंचित खाली.

म्हणून टेकओव्हरचा सराव नेहमी जोडीनं आणि दमलेलं असताना करा. सेटच्या शेवटी, पाय जड झालेले असताना, पंचवीस मीटरचे चार तुकडे आणि अदलाबदल. ताज्या अंगानं केलेला टेकओव्हर सगळ्यांनाच जमतो.

कोण कितवं

साधारण पद्धत अशी: दुसऱ्या नंबरचा वेगवान आधी, सगळ्यात वेगवान शेवटी, उरलेले मध्ये. मी एवढ्यावर थांबत नाही. बंदुकीवर सुटणारी एकटी पहिली असते, त्यामुळे जिचा स्टार्ट सगळ्यात चांगला ती पहिली, मग तिचा वेग तिसऱ्या नंबरचा असला तरी चालेल. शिवाय पहिल्या पोहणाऱ्याची वेळ वैयक्तिक वेळ म्हणून अधिकृत धरली जाते. बीजिंगच्या त्याच फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या इमन सलिव्हननं पहिल्या टप्प्यात ४७.२४ चा विश्वविक्रम केला होता, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत दोह्याला चीनच्या पान झानलनं ४६.८० चा विश्वविक्रम रिलेच्या पहिल्या टप्प्यातच केला. पुढच्या साथीदाराच्या चुकीनं संघ बाद झाला तरी पहिल्याची वेळ कायम राहते. वैयक्तिक शर्यतीत ज्याची वेळ थोडक्यात हुकली आहे त्यानं सरांकडे पहिली जागा मागावी, त्यात वावगं काही नाही.

तिसऱ्या जागेबद्दल मला आपुलकीनं बोलावंसं वाटतं. तिथं संघ अनेकदा सगळ्यात कमकुवत पोहणाऱ्याला ठेवतो, आणि तिथंच रिले निसटते. तोवर सगळ्या लेन पुढेमागे झालेल्या असतात, समोरून येणाऱ्यांच्या लाटा अंगावर येतात, पाणी खवळलेलं असतं. लहान, झटपट हात मारणारी मुलगी तिथं गोंधळते. लांब हात, स्थिर डोकं आणि दोन्ही बाजूंनी श्वास घेता येणं, हे तिसऱ्या जागेचं भांडवल. लाट एका बाजूनं येत असेल तर श्वास दुसऱ्या बाजूनं घ्या. शेवटच्या जागेवर मात्र पुढे-मागे मान वळवून बघणारा कधीही ठेवू नका, मग तो कितीही वेगवान असो.

ते शंभर मीटर

उडी घेऊन सुटल्यावर अंगात इतकं बळ आल्यासारखं वाटतं की पहिले पंचवीस मीटर सगळेच वाजवीपेक्षा जोरात जातात आणि पंचाहत्तरला भिंत लागल्यासारखे थांबतात. पाण्याखालची डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायची) स्वतःला जमेल तेवढीच (नियमानं पंधरा मीटरपर्यंत डोकं वर यायलाच हवं), मग पहिले पन्नास लांब हातांनी, दर दोन हातांमागे पायांच्या सहा ठोक्यांची किक चालू पण जीव काढून नाही. टर्ननंतर किक वाढवा. पहिल्या आणि दुसऱ्या पन्नासात दोन-अडीच सेकंदांचा फरक ठीक. त्याहून जास्त पडत असेल तर सुरुवात चुकतेय. श्वास पहिल्यापासून घ्या, प्रत्येक दोन किंवा चार हातांना. श्वास रोखून धरणं ही पन्नास मीटरची गोष्ट आहे.

मुंबईत सराव कसा जमवायचा

शिवाजी पार्कचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव, अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, पार्ल्याचं प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल, असे पन्नास मीटरचे टँक शहरात आहेत. अडचण असते ती लेनची आणि ब्लॉकची. एप्रिल-मे मध्ये सुट्टीच्या बॅच भरतात आणि भिंतीजवळ शिकाऊ मुलं धरून उभी असतात. तिथं उडी मारायचा प्रश्नच येत नाही. दोन बॅचच्या मधली दहा मिनिटं मागून घ्या. रिलेला तेवढी पुरतात, एका जोडीचे सहा-सात टेकओव्हर सहज होतात. ज्या टोकाला मान्यताप्राप्त ब्लॉक असतात तिथं पाणी किमान १.३५ मीटर खोल असावं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मी मुलांना दोन मीटरपेक्षा उथळ टोकाला टेकओव्हर करू देत नाही. मानेची दुखापत आयुष्यभराची असते.

पाणी मिळत नसेल त्या दिवशी जमिनीवर करा. सोसायटीच्या आवारात, शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ, कुठेही. खडूनं भिंतीची रेघ, दोन मीटरवर एक आणि पाच मीटरवर एक रेघ. एक जण हात मारत चालत येतो, दुसरा पायरीच्या कडेवर बोटं दुमडून झोका घेतो आणि पुढे उतरतो. चालण्याचा वेग हळूहळू पोहण्याच्या वेगापर्यंत वाढवा. लोक बघतात, बघू द्या. परळची एक मुलगी तिच्या धाकट्या भावाला रोज संध्याकाळी असं चालायला लावायची. शालेय स्पर्धेत तिचे टेकओव्हर चौघींत सगळ्यात स्वच्छ होते.

पावसाळ्यात उघड्या टँकवर दोन गोष्टी पाळा. विजा चमकायला लागल्या की पाण्याबाहेर, सेट अर्धा राहिला तरी. आणि ब्लॉक ओला असतोच, पण पावसानं त्यावर बारीक माती येते, म्हणून चढण्याआधी टॉवेलनं पुसा. पाय घसरून सुटलेला टेकओव्हरही नियमात लवकरच धरला जातो.

जमिनीवरच्या व्यायामात स्प्रिंटरला पुल-अप्स, बॉक्सवर उड्या, मेडिसिन बॉल फेकणं आणि पोटाचे व्यायाम पुरे. वजनं उचलायला जाणकारांच्या देखरेखीखालीच सुरू करा.

खांद्याचं मात्र रोज. रबराची नळी दाराच्या कडीला बांधून, कोपर कमरेला टेकवून हात बाहेर फिरवणं, पंधराचे दोन सेट, दोन्ही हातांना. हात पुढे ताणताना खांद्याच्या पुढच्या भागात कळ आली तर पॅडल (सरावात तळहाताला बांधायच्या चकत्या) त्याच दिवशी बंद आणि फिजिओथेरपिस्टकडे. आणि पोहायची ओली बॅग एका खांद्याला लटकवून, दुसऱ्या हातानं लोकलची कडी धरून दादर ते डोंबिवली उभं राहायचं, हे सोडा. दोन्ही खांद्यांवरची सॅक घ्या, गाडीत ती खाली ठेवा.

खाण्याचं थोडक्यात: शर्यतीच्या दोन तास आधी पोहे किंवा उपमा, हीट आणि फायनलच्या मध्ये केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. वडापाव फायनल झाल्यावर.

आई-बाबांसाठी

दहावी-बारावीला पोहणं पूर्ण बंद करू नका. आठवड्याला तीन सेशन ठेवले तर वेग टिकतो, आणि परीक्षा संपल्यावर दोन महिन्यांत मूल पूर्वीच्या जागी येतं. पूर्ण बंद केलं तर परतणं फार जड जातं, आणि बहुतेक जण परतत नाहीत. शालेय क्रीडा स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत गेला पाहिजे. वर्गशिक्षकांकडे स्वतः जाऊन विचारा.

प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात पडताच तिथंच वाचा. नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच्या तसं हवं, प्रकार ‘४ × १०० मीटर फ्रीस्टाइल रिले’ असा पूर्ण लिहिलेला हवा, क्रमांक आणि तारीख हवी. चूक असेल तर तंबू उठायच्या आत दुरुस्त करून घ्या. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. दहा वर्षांनी त्या टेबलावर नावातली एक वेलांटी माणसाला खेटे घालायला लावते. रेल्वे, पोलीस, सेनादलं यांच्या संघांत खेळाडू म्हणून भरती होते आणि त्यांनाही रिलेला माणसं लागतातच. कॉलेज निवडतानाही तिथं पोहणारे आणखी तिघं आहेत का ते बघा. आंतरमहाविद्यालयीन रिले एकट्यानं होत नाही.

आणि एक विनंती. घरी आलेल्या मुलाला ‘कितवा आलास?’ विचारताना रिलेतला त्याचा स्प्लिटही, म्हणजे त्याच्या टप्प्याची वेळही विचारा.

स्पर्धेच्या दिवशी

रिलेची नावं आणि क्रम ज्या चिठ्ठीवर दिला जातो, तोच क्रम पोहावा लागतो, बदलला तर संघ बाद. म्हणून चिठ्ठी गेल्यावर चौघांनी ती एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवा. वॉर्मअपमध्ये प्रत्येक जोडीचे किमान दोन टेकओव्हर त्याच ब्लॉकवर, त्याच लेनमध्ये जमले तर उत्तम. तळावरचा ‘टी’ आणि पताका तिथं कशा दिसतात ते ब्लॉकवर उभं राहून बघून ठेवा. संध्याकाळी पाण्यावर चमक येते आणि ‘टी’ दिसेनासा होतो. अशा वेळी पताकांवरून हात मोजा.

आपला टप्पा संपला की कडेच्या दोरीखालून, कोणाच्या वाटेत न येता, पटकन बाहेर. शेवटचा पोहणारा भिंतीला लागला म्हणून आनंदानं पाण्यात उडी मारू नका. सगळ्या संघांचे सगळे पोहणारे पोचायच्या आत पाण्यात उतरलात तर जिंकलेली रिले हातची जाते. मुंबईतल्या स्पर्धांत हे घडताना मी बघितलंय.

मग चौघं एकत्र बसा. वहीत चार ओळी: स्प्लिट, पहिले पन्नास, दुसरे पन्नास, टेकओव्हर. व्हिडिओ बघून टेकओव्हरचा आकडा भरा. ०.४ च्या वर असेल ती जोडी पुढच्या आठवड्यात रोज दहा मिनिटं आधी येईल. जिच्या पताकांपासूनच्या हातांचा आकडा शर्यतीत बदलला असेल तिनं तो नव्यानं लिहून ब्लॉकवरच्या मुलीला सांगायचा, आणि तो ‘थकलेली असताना’च्या रकान्यात टाकायचा.